आठ फ्रेम्सचा विनोद

कमी पैशांत केलेला, चित्रपटगृहात आपटलेला आणि मग हळूहळू एका पिढीला तोंडपाठ झालेला विनोदी चित्रपट 'पंचविसाव्या वर्षाची खास आवृत्ती' म्हणून डिस्कवर येतो, तेव्हा खोक्यावरच्या सोनेरी आकड्यात अडकू नये. खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवं स्कॅन' आणि 'संपूर्ण नव्यानं रिस्टोअर केलेली प्रत' ही दोन वाक्यं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. निगेटिव्ह म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्म. पहिल्या वाक्यात काय केलं ते सांगितलंय. दुसरं वाक्य जुन्या डीव्हीडीच्या मास्टरवर (जिच्यावरून डिस्क छापल्या त्या प्रतीवर) थोडी पुसापुशी करूनही छापता येतं.

वाईट प्रतीतूनही गंभीर चित्रपट आपलं काम बऱ्यापैकी करून जातो. रडणारा चेहरा धुरकट असला तरी रडणं पोचतं. विनोदाला ही सवलत नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो, म्हणजे आठ फ्रेम्स हा सेकंदाचा तिसरा हिस्सा. एक जण काहीतरी अचाट बोलतो, दुसरा थिजून बघतो, आणि मग दार आपटतं. त्या थिजण्यातल्या आठ फ्रेम्स रिळाच्या तुटलेल्या टोकात गेल्या असतील, तर दार आपटल्याचं दिसतं पण हसू येत नाही. का येत नाही हेही बघणाऱ्याला कळत नाही. 'पूर्वी जास्त मजा यायची' एवढंच वाटतं. म्हणून अशी डिस्क तपासताना माझा निकष एकच: विनोद त्याच फ्रेमवर, तितक्याच गरिबीनं फुटतोय का?

गरिबीनं हा शब्द मुद्दाम वापरला. घोड्यांना पैसे नाहीत म्हणून टापांच्या आवाजासाठी नोकरांकडून नारळाच्या करवंट्या वाजवून घेत जाणारे 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल'मधले (१९७५) सरदार आठवा. तिथं पैशांची चणचण हाच विनोद झाला. अशा चित्रपटाला श्रीमंत करणं हे त्याचं नुकसान आहे, आणि वर्धापनाच्या आवृत्त्या नेमकी हीच चूक पुन्हापुन्हा करतात.

सुरुवात मूळ साहित्य शोधण्यापासून. असे बरेच चित्रपट १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर चित्रित झाले, कारण फिल्म स्वस्त: ४०० फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटं चालतं, आणि तेवढ्याच वेळाला ३५ मिमीची १००० फूट लागते. मोठ्या चित्रपटांच्या उरलेल्या तुकड्यांवरही काम भागवलं जायचं. त्यामुळे एकाच प्रसंगात दोन जातींची फिल्म आणि दोन प्रकारचे दाणे (फिल्मच्या पोतामुळे पडद्यावर दिसणारे बारीक ठिपके) दिसतात. हा दोष नाही, पण दाणे एकसारखे करण्याच्या नादात प्रसंग धुऊन काढला जातो.

१६ मिमीच्या निगेटिव्हची आणखी एक गुंतागुंत आहे. दोन फ्रेम्समधली जागा इतकी अरुंद की जोड पडद्यावर दिसतो. म्हणून शॉट एकाआड एक दोन रिळांवर लावायचे, ए आणि बी, आणि एका रिळावर शॉट असेल तिथं दुसऱ्यावर काळी पट्टी. एकातून दुसऱ्यात विरघळणारी दृश्यं प्रयोगशाळेत प्रिंट, म्हणजे पडद्यावर दाखवायची प्रत, काढतानाच जुळायची. आज स्कॅन करताना दोन्ही रिळं वेगवेगळी स्कॅन होतात आणि चित्रपट संगणकावर पुन्हा जोडावा लागतो. विरघळण्याची लांबी ठरावीक असायची: १६, २४, ३२, ४८, ६४ किंवा ९६ फ्रेम्स. ४८च्या जागी कुणी अंदाजानं २४ लावल्या, तर आळसावलेली दुपार एकदम घाईत संपते. यावर उपाय एकच, जुनी प्रिंट शेजारी चालवून फ्रेमला फ्रेम जुळवणं. श्रेयनामावलीचंही तेच. मूळ अक्षरं तिसऱ्या रिळावर असतात. ते सापडलं नाही की कुणीतरी जवळचा फॉन्ट निवडून नवी नावं टाकतो, आणि पहिल्याच मिनिटाला चित्रपट कालच संगणकावर केल्यासारखा दिसू लागतो.

निगेटिव्ह सापडेलच असं नाही. प्रयोगशाळेचं बिल थकलेलं असतं, प्रयोगशाळा बंद पडते, डबे कुणाच्या तरी गोदामात जातात. सापडले तर डबा उघडताना आधी वास घ्यायचा. फिल्मचा ॲसिटेटचा पाया (रंगाचा थर धरून ठेवणारी पारदर्शक पट्टी) कुजू लागला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते. आकसणं एक टक्क्याच्या पुढे गेलं की दाते असलेल्या यंत्रात फिल्मच्या कडेची छिद्रं फाटायची भीती. मग दात्यांऐवजी रोलरवर फिल्म सरकवणारा स्कॅनर लागतो. कुजणं परतवता येत नाही. थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त लांबवता येतं. रंगीत प्रिंट असेल तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच फिल्मवर निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी होतं. अशी गुलाबी प्रिंट रंगांसाठी निरुपयोगी, पण फेकायची नाही. संकलनाचा आणि ध्वनीचा पुरावा म्हणून ती सोन्याची.

स्कॅन ४के की २के (आडवे सुमारे चार हजार पिक्सेल की दोन हजार), यावर वाद घालणाऱ्यांनी आधी आकडे बघावेत. ४०९६ गुणिले ३११२ पिक्सेलची १० बिटांची एक डीपीएक्स फाइल (एका फ्रेमची एक चित्रफाइल) साधारण ५१ एमबीची होते. ९० मिनिटांच्या चित्रपटात १,२९,६०० फ्रेम्स, म्हणजे एका चित्रपटाला सुमारे साडेसहा टीबी, तेही एकच प्रत धरून. १६ मिमीत चित्राचा तपशील बहुतेक वेळा २केमध्येच संपतो. त्यापुढे ४के जे पकडतं ते दाणे. पण दाणे नीट पकडले तर ते दाण्यांसारखे दिसतात, अर्धवट पकडले तर घाणीसारखे. पैसे असतील तर ४के स्कॅन करावं. नसतील तर स्वच्छ २के स्कॅन आणि उरलेले पैसे ध्वनीला, हा सौदा मला केव्हाही जास्त शहाणपणाचा वाटतो.

ओरखड्यांसाठी 'वेट गेट' वापरतात. स्कॅन होताना फिल्म अशा द्रवातून जाते की पायावरचे ओरखडे त्यात भरून निघतात आणि प्रकाश वाकत नाही. रंगाच्या थरापर्यंत गेलेला ओरखडा मात्र यानं जात नाही. तिथली माहितीच खरवडली गेलेली असते. तो हातानं रंगवावा लागतो.

आणि मग येते स्वयंचलित धूळसफाई. विनोदी चित्रपटाचा खरा घात इथं होतो. धूळ ओळखण्याची रीत साधी आहे: मागच्या फ्रेममध्ये नाही, पुढच्या फ्रेममध्ये नाही, फक्त मधल्या एकाच फ्रेममध्ये दिसतंय, म्हणजे धूळ. आता विचार करा, याच वर्णनात आणखी काय बसतं? भिरकावलेली चप्पल. फुटलेल्या बशीचे तुकडे. तोंडातून उडालेला घास. पडद्यावर जोरात जाणारी प्रत्येक बारीक वस्तू सॉफ्टवेअरला धूळ वाटते. ते ती पुसतं आणि शेजारच्या फ्रेममधली भिंत तिथं चिकटवतं. परिणामी माणूस वाकतो, पण कशाला चुकवून ते दिसत नाही. फेकाफेकीचे, मारामारीचे, सांडासांडीचे सगळे प्रसंग यंत्राच्या तावडीतून वगळून हातानं साफ करायला हवेत. त्याला माणसाचे आठवडे लागतात, म्हणूनच ते टाळलं जातं. घरी तपासायचं असेल तर असा प्रसंग लावून एकेक फ्रेम पुढे सरकवा. वस्तू अधूनमधून गायब होत असेल, तर उरलेल्या चित्रपटात काय झालं असेल याचा अंदाज येतो.

दाणे पुसणं हा याचा थोरला भाऊ. चेहरे मेणाचे होतात. विनोदी नटाचं अर्धं काम भुवई आणि ओठाच्या कोपऱ्यात चालतं, आणि नेमके तेवढेच बारीक बदल त्या पुसण्यात जातात.

रंगांचं काम करणाऱ्याला संदर्भ प्रिंट न देता नुसतं निगेटिव्ह दिलं, तर एक हमखास गोंधळ होतो. दिवे भाड्यानं आणायला पैसे नसले की रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करायचे आणि प्रयोगशाळेत प्रिंट काळवंडून, निळसर करून घ्यायची. निगेटिव्हवर मात्र लख्ख दुपार असते. स्कॅन बघणारा म्हणतो, वा, किती तपशील आहे! आणि पात्रं भर उन्हात टॉर्च घेऊन एकमेकांना धडकत फिरतात. जुन्या प्रयोगशाळेचा, प्रिंट काढताना वापरलेल्या लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांचे १ ते ५० पर्यंतचे आकडे लिहिलेला कागद सापडला, तर काम निम्मं होतं. नाही सापडला तर बरी प्रिंट शोधून ती शेजारी चालवणं आलंच.

निगेटिव्ह आणि चित्रपटगृहातली प्रिंट यांच्यामध्ये सहसा दोन नकला असायच्या. प्रत्येक नकलेत चित्र जरा मऊ आणि गडद होत जायचं. त्या मऊपणात टोपाची कड, नटाला उचलणारी तार, रंगवलेल्या पडद्याची घडी लपून जायची. चित्रपट करणाऱ्यांनीही तेवढंच गृहीत धरलेलं असायचं. निगेटिव्हवरून थेट स्कॅन केलं की हे सगळं उघडं पडतं. मग प्रश्न येतो, तार पुसायची का? माझं मत: तार पुसू नये, पण ती दिसेल इतका उजेडही वाढवू नये. मूळ प्रिंटमध्ये जितकं दिसायचं तितकंच दिसू द्यावं. एचडीआरमध्ये (उजेड-अंधारातलं अंतर वाढवून दाखवणाऱ्या नव्या पद्धतीत) खिडकीबाहेरचं आकाश झळाळून दाखवण्याचा मोह तर अशा चित्रपटात अगदीच अनाठायी.

चौकटीचंही असंच आहे. बरेच चित्रपट पूर्ण चौकोनी फ्रेमवर घेतले जायचे आणि चित्रपटगृहात वरचा-खालचा भाग झाकून १.८५ला (उंचीच्या १.८५ पट रुंद चौकटीत) दाखवले जायचे. जुन्या टीव्हीसाठी ते झाकण काढलं, आणि वर लोंबणारा माइक दिसू लागला. 'किती गचाळ काम' म्हणून लोक ज्याला वर्षानुवर्षं हसले, तो माइक चित्रपटगृहात कधी दिसलाच नव्हता. नव्या डिस्कवर चौकट योग्य केली की काही चाहते तक्रार करतात, आमचा माइक कुठे गेला? त्यांचंही मन मोडवत नाही. ती प्रत बोनसमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या जादा साहित्यात टाकावी. मुख्य चित्रपट मात्र मूळ चौकटीतच हवा.

आता ध्वनी. इथं सगळ्यात कमी पैसे खर्च होतात आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं.

मूळ मिश्रणाची चुंबकीय फीत मिळाली तर उत्तम. ती नसेल तर प्रिंटवर चित्राच्या कडेला छापलेल्या प्रकाशीय पट्टीवरून आवाज घ्यावा लागतो. १६ मिमीची ही पट्टी उंच सूर फारसे धरत नाही आणि खरखरते. शिवाय तिच्यात आवाज चित्राच्या २६ फ्रेम्स पुढे असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये भिंग आणि ध्वनिवाचक यांच्यात तेवढं अंतर असतं. स्कॅन करताना हा फरक भरून काढायचा राहिला तर चूक लगेच कळते. कठीण असते ती दोन-तीन फ्रेम्सची चूक. ओठ जुळल्यासारखे वाटतात, पण थप्पड आणि तिचा आवाज वेगळे पडतात. रीळ बदलतं तिथं हे पुन्हा तपासावं, कारण प्रत्येक रिळाची चूक वेगळी असू शकते.

खरखर काढताना हात आवरता घ्यावा. वाक्यानंतरच्या शांततेत खोलीचा एक आवाज असतो: पंखा, रस्ता, कुणीतरी श्वास घेतल्याची चाहूल. तोच कापून टाकला तर शांतता अवघडलेली न वाटता मुकी वाटते, डिस्क अडकल्यासारखी. बोलण्याआधीचा श्वास गेला तर त्याहून वाईट, कारण पुढं काहीतरी येतंय हे प्रेक्षकाला तो श्वासच सांगत असतो.

मूळ ध्वनी मोनो (एकाच वाहिनीचा) असेल तर डिस्कवर मोनो हवाच, तोही नुकसानरहित, म्हणजे फाइल लहान करताना काहीही न गमावलेला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या मोनो पट्टीला सव्वा एमबीपीएससुद्धा (सेकंदाला सव्वा मेगाबिट) लागत नाही. जागा नाही ही सबब चालणार नाही. ५.१चं, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरचं नवं मिश्रण हौसेखातर द्यायचं तर द्यावं, पण त्यात दाराचा आवाज डाव्या स्पीकरमध्ये गेला की नजरही डावीकडे जाते, आणि मधल्या माणसाचा चेहरा बघायचा राहून जातो. त्याहून मोठा गुन्हा म्हणजे जुने फुसके आवाज काढून नवे भारी आवाज घालणं. पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा ठोसा हाच तर विनोद होता.

युरोपातल्या जुन्या पॅल (तिथली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर चित्रपट पाठ झालेल्यांना नवी डिस्क संथ वाटते. कारण सरळ आहे. पॅलमध्ये २४ फ्रेम्सचा चित्रपट २५च्या वेगानं पळवला जायचा. ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपायचा आणि आवाजही किंचित चढायचा. नवी डिस्क संथ नाही. जुनी घाईत होती. मात्र जुनी कॉमेंट्री (चित्रपट चालू असताना त्यावर दिग्दर्शक-कलाकारांनी केलेलं बोलणं) नव्या डिस्कवर आणताना तिलाही तितकंच सावकाश करावं लागतं. ते विसरलं तर शेवटच्या अर्ध्या तासात दिग्दर्शक अजून न आलेल्या प्रसंगाबद्दल बोलत राहतो.

कॉमेंट्रीची प्रथा १९८४मध्ये 'किंग काँग'च्या लेझरडिस्कपासून (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) सुरू झाली. विनोदी चित्रपटाच्या कॉमेंट्रीत सगळे कलाकार एकत्र बसवले की ते एकमेकांच्या आठवणींवर हसतात, आणि ऐकणारा लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा राहतो. एकत्र बसवायचेच असतील तर प्रश्न विचारणारा एक माणूस हवा. हा शॉट किती वेळा घेतला, ही गाडी कुणाची होती, तो कोसळणारा ओटा खरा होता का, असे प्रश्न आधी लिहून आणणारा. आणि पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याला बोलवायला विसरू नये. कमी खर्चाच्या चित्रपटाच्या खऱ्या गोष्टी त्याच्याकडे असतात.

वगळलेले प्रसंग बहुधा व्हीएचएसवरच उरलेले असतात, कोपऱ्यात टाइमकोडचे (फ्रेमची वेळ दाखवणारे) आकडे पळत असलेले. ते तसेच दाखवावेत. पहिलं, वेगळ्या शेवटाचं संकलन उपलब्ध असेल तर ते पूर्ण द्यावं. 'क्लर्क्स'च्या (१९९४) दहाव्या वर्षाच्या डीव्हीडी संचात तसं पहिलं संकलन होतं, आणि त्या काळ्या-पांढऱ्या १६ मिमी चित्रपटाचा शेवट नेमका कुठं कापला ते त्यामुळे बघता आलं. त्याच चित्रपटाचं आणखी एक शिकण्यासारखं: तो साधारण २७ हजार डॉलरमध्ये झाला, पण वितरकानं घेतल्यावर गाण्यांच्या हक्कांना त्याहून जास्त पैसे लागले. अनेक छोट्या निर्मात्यांनी गाण्यांचा परवाना फक्त महोत्सवांपुरता घेतलेला असतो. डिस्कसाठी शब्द-सुरांचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन वेगळे हक्क पुन्हा मिळवावे लागतात. ते परवडत नाहीत तेव्हा गाणं बदलतं. आणि गाण्याच्या तालावर पाय टाकत जाणारं पात्र भलत्याच तालावर चालू लागतं. खोक्यावर याचा उल्लेख क्वचितच असतो.

सबटायटलकडे कुणी लक्ष देत नाही, आणि विनोद तिथंच आधी फुटतो. प्रश्न आणि त्याचं चावट उत्तर एकाच वेळी पडद्यावर आलं, तर डोळा कानाच्या पुढे धावतो आणि नट तोंड उघडायच्या आत प्रेक्षक हसून मोकळा होतो. उत्तराची ओळ स्वतंत्र हवी, आणि ती नटाच्या पहिल्या अक्षरावरच यायला हवी. यात लागणारी मेहनत फार नाही. ती करणाऱ्यानं चित्रपट एकदा बघितलेला असावा लागतो, एवढंच. सबटायटलचा विनोदही करता येतो. 'होली ग्रेल'च्या एका डीव्हीडीवर 'चित्रपट न आवडणाऱ्यांसाठी' म्हणून शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा, भाग दुसरा'मधल्या ओळी सबटायटल म्हणून दिल्या होत्या. असं बोनस चार मुलाखतींना भारी पडतं.

२०००च्या आसपासचे बरेच स्वस्त चित्रपट मिनीडीव्हीवर, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपवर झाले. त्यांच्या '४के' आवृत्तीबद्दल सावध राहावं. तिथं पुन्हा स्कॅन करायला निगेटिव्हच नाही. ७२० गुणिले ४८० किंवा ५७६ पिक्सेल, २५ एमबीपीएसची टेप, तासाला सुमारे १३ जीबी, संपलं. जुन्या टेप चालवून, तुटलेले ठिपके दोन-तीनदा वाचून भरून काढणं हेच खरं काम. यंत्राकडून तपशील 'वाढवून' घेतला की मागच्या पाटीवरची अक्षरं अगम्य लिपीत जातात आणि दातांची एक सलग पांढरी पट्टी होते.

डिस्क बांधताना दाण्यांना जागा लागते. ९० मिनिटांना ३० एमबीपीएसनं २० जीबीच्या थोडं वर होतं, म्हणजे २५ जीबीच्या डिस्कवर चित्रपट कसाबसा मावतो आणि बोनससाठी काही उरत नाही. सगळं त्याच एका डिस्कवर कोंबलं असेल तर अंधाऱ्या भिंतींवर चौकोन नाचताना दिसतील. ५० जीबीची डिस्क किंवा बोनसची वेगळी डिस्क हवी. दुपदरी डीव्हीडीत एक पदर संपून दुसरा सुरू होतो तिथं बरेच प्लेअर क्षणभर थबकतात. तो सांधा प्रसंग बदलतानाच्या काळ्या फ्रेमवर ठेवायचा असतो. विनोदाच्या मधे पडला तर पुन्हा तेच, आठ फ्रेम्सचं नुकसान. मेनूच्या पार्श्वभूमीला चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य फिरत ठेवणाऱ्यांबद्दल मात्र मी काही लिहीत नाही. चहा करायला उठून परत येईपर्यंत त्या वाक्याचा वीट आलेला असतो.

पुठ्ठ्याचं वेष्टन, पोस्टकार्डं, पुस्तिका यांवर फार वेळ घालवू नये. विकत घेण्याआधी प्रदेशाचा कोड (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं अक्षर) बघावा: ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन, ४के अल्ट्रा एचडी डिस्कला नाही, पण त्याच खोक्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. आणि डिस्क घरी आली की बोनससकट सगळं पहिल्या काही आठवड्यांतच चालवून बघावं. उलटसुलट झालेलं रीळ, गायब मोनो पट्टी, चुकीच्या प्रसंगावर बसलेली कॉमेंट्री अशा चुका सापडल्या की प्रकाशक बहुधा बदली डिस्क देतात, पण ठरावीक मुदतीतच. बदली डिस्कचं खोकं आणि छपाई तीच असते. जुनी कुठली नि दुरुस्त कुठली हे ओळखायला डिस्क उलटी धरून मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यावरचा कोरलेला क्रमांक बघायचा. जुन्या बाजारातून घेताना तर तो आधी विचारून घ्यावा.